त्रैराशिकाचे आचार्य : भास्कराचार्य आणि त्यांच्या हिशेबाचा फारसीपर्यंतचा प्रवास

सातवीनंतरच्या कोणत्याही मुलाची गणिताची वही उघडा, एक फुली हमखास दिसेल. डावीकडे एक अपूर्णांक, उजवीकडे दुसरा, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि त्यावर तिरक्या दोन रेघा. मराठी शाळेत याला तिरकस गुणाकार म्हणतात. उर्दू शाळेत तनासुबचा धडा आला की हीच फुली येते. मुलांना ती फार आवडते, कारण फुली मारली की उत्तर येते. उत्तर का येते, आणि फुली कुठे मारायची नाही, हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही.

आम्ही हर्णेसारख्या बंदराच्या गावात शिकवतो. इथे हिशेब पुस्तकात कमी आणि पुळणीवर जास्त होतो. मासळीचा लिलाव, बर्फाचा खर्च, डिझेल, खलाशांचे वाटे, सगळीकडे एकच प्रश्न असतो : एवढ्याला एवढे, तर तेवढ्याला किती? या प्रश्नाला भारतात दीड हजार वर्षांपासून एक नाव आहे, त्रैराशिक. आणि ते इतक्या मायेने, इतक्या उदाहरणांनी शिकवणारा माणूस आपल्याच सह्याद्रीच्या परिसरातला होता. त्यांचे नाव भास्कराचार्य. त्यांची ओळख आपल्या मुलांना एका ओळीपुरती असते, तीही लीलावतीच्या गोष्टीमुळे. ती गोष्ट आपल्यापर्यंत कोणत्या भाषेतून आली, हे तर फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे सविस्तर.

घराणे आणि शिक्षण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. हे वर्ष त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, त्यामुळे त्याविषयी वाद नाही. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे आपले गाव असल्याचेही ते सांगतात. हे गाव म्हणजे आजचे नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी खानदेशातले पाटण सांगतात, कोणी विजापूर, तर फारसी परंपरेत बिदरचे नाव येते. एवढे खरे की माणूस दख्खनचा होता.

त्या काळी दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. पुढे भास्कराचार्यांच्या उतारवयात देवगिरीच्या यादवांचा जोर वाढला. देवगिरी म्हणजे आपले दौलताबाद.

घराणे पिढ्यानपिढ्या विद्येचे. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरूही. म्हणजे शिक्षण घरातच झाले. पूर्वजांपैकी एकाला राजा भोजाकडून विद्यापती ही पदवी मिळाली होती, अशी नोंद शिलालेखात आहे. घरात इल्म असले की मुलाला ते आपोआप मिळते असे आपण म्हणतो. पण मिळालेले पुढे सोपे करून देणे ही वेगळी गोष्ट, आणि भास्कराचार्यांचे मोठेपण तिथे आहे.

छत्तिसाव्या वर्षीचा ग्रंथ

इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला भाग अंकगणिताचा, दुसरा बीजगणिताचा, उरलेले दोन आकाशातल्या ग्रहताऱ्यांच्या गणिताचे. बीजगणितात त्यांनी चक्रवाल पद्धत वापरून असे एक समीकरण सोडवले आहे, की तेच कोडे पुढे सतराव्या शतकात फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातले. पण आमच्या विषयाला लागतो तो पहिला भाग, लीलावती.

लीलावती म्हणजे सुमारे पावणेतीनशे श्लोकांचे छोटे पुस्तक. सुरुवात कुठून होते पाहा : नाण्यांच्या आणि मापांच्या कोष्टकापासून. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. आपल्या आजोबांच्या पिढीने सोळा आण्यांचा रुपया वापरला, त्यांना हे वाचून अगदी घरचे वाटेल. म्हणजे हा माणूस गणित शिकवायला बसला तो थेट बाजारात बसला. आधी वजन, माप, नाणे. मग बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक. आणि मग त्रैराशिक.

तीन राशी, चौथी शोधायची

त्रैराशिक म्हणजे तीन राशींचा हिशेब. तीन संख्या माहीत असतात, चौथी काढायची असते. भास्कराचार्य त्यांना नावे देतात : प्रमाण, फल आणि इच्छा. ही नावे त्यांच्या आधीपासून चालत आली होती. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटांनी त्रैराशिक सांगितले, सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनी ते अकरा राशींपर्यंत वाढवले. भास्कराचार्यांनी ते वर्गात बसलेल्या मुलाला कळेल असे मांडले.

आपल्या बंदरावरचे उदाहरण घेऊ. समजा ४ किलो सुरमई २८०० रुपयांना, तर ७ किलो कितीला? इथे ४ किलो हे प्रमाण, २८०० रुपये हे फल आणि ७ किलो ही इच्छा, म्हणजे आपल्याला हवे तेवढे. नियम असा की प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचे असले पाहिजेत. त्यांना दोन टोकांना लिहायचे आणि दुसऱ्या जातीचे फल मध्ये. मग फलाला इच्छेने गुणायचे आणि प्रमाणाने भागायचे. २८०० गुणिले ७ म्हणजे १९,६००. भागिले ४ म्हणजे ४९०० रुपये.

आजचे मूल हेच असे लिहिते : ४ भागिले २८०० बरोबर ७ भागिले क्ष. फुली मारली की ४ क्ष बरोबर १९,६००, आणि क्ष बरोबर ४९००. उत्तर तेच. फरक एवढाच की भास्कराचार्य गुणाकाराच्या आधी विद्यार्थ्याला थांबवतात आणि विचारतात, यातले एका जातीचे कोण? किलोसमोर किलो आले का? आमच्या अनुभवात मुलांच्या चुका गुणाकारात कमी आणि या पायरीवर जास्त होतात. किलोच्या जागी रुपये बसले की पुढची फुली कितीही सुबक काढा, उत्तर बुडालेच.

फुलीमागे जादू काही नाही. दोन अपूर्णांक समान आहेत म्हटल्यावर दोन्ही बाजूंना एकाच संख्येने गुणले तर ते समानच राहतात. आपण दोन्ही बाजूंना आधी डाव्या छेदाने आणि मग उजव्या छेदाने गुणतो. डावीकडचा छेद डावीकडे कटतो आणि उजवीकडे जाऊन उभा राहतो. उजवीकडचा तसाच डावीकडे. येण्याजाण्याची ही वाट तिरकी दिसते म्हणून फुली. एवढे मुलाला एकदा दाखवले की ते फुली विसरले तरी अडत नाही.

लीलावतीत अपूर्णांकांचे केशराचे उदाहरण आहे. अडीच पळे केशर निष्काच्या तीन सप्तमांशाला मिळते, तर नऊ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पळे. आमची वाचकांना विनंती, हे घरी मुलांना घालून पाहा. इथे पैसे ठरलेले आहेत आणि माल शोधायचा आहे, म्हणून प्रमाण आणि इच्छा दोन्ही निष्कांत येतील. नववीचे मूलही इथे दोन मिनिटे विचार करते.

जिथे फुली फसवते

भास्कराचार्यांचा खरा शिक्षकी हात पुढच्या प्रकरणात दिसतो. त्याचे नाव व्यस्त त्रैराशिक. एक वाढले की दुसरे कमी होते, तिथे नियम उलटतो : फलाला प्रमाणाने गुणायचे आणि इच्छेने भागायचे.

त्यांचे उदाहरण धान्याच्या मापाचे आहे. सात आढकांच्या मापाने मोजले तर एक रास शंभर मापे भरते. तेच धान्य पाच आढकांच्या मापाने मोजले तर किती मापे होतील? माप लहान झाले म्हणजे मापांची संख्या वाढणार. शंभर गुणिले सात, भागिले पाच, उत्तर १४० मापे. टोपली लहान केली की टोपल्या जास्त भरतात, माल तेवढाच राहतो, हे बंदरावरच्या कोणत्याही बाईला न शिकता कळते.

याच प्रकरणात वयाबरोबर किंमत उतरण्याची उदाहरणे आहेत. त्यात बैल आहे, तशी बाजारात विकली जाणारी तरुण मुलगीही आहे. त्या काळी माणसांचीही खरेदी-विक्री होत होती याचा तो पुरावा आहे. ते उदाहरण आज वर्गात देता येत नाही आणि देऊही नये. पण थोर माणसाचे पुस्तक वाचताना त्याच्या काळाची काळी बाजू झाकून ठेवण्याचीही गरज नाही.

आता आपल्याकडचे उदाहरण. बोटीवर ८ खलाशांना १५ दिवस पुरेल एवढा तांदूळ भरला आहे. बोटीवर १२ खलाशी चढले तर तो किती दिवस पुरेल? डोळे मिटून फुली मारणारे मूल लिहिते साडेबावीस दिवस. म्हणजे खाणारी तोंडे वाढली आणि तांदूळही जास्त दिवस पुरला! बरोबर उत्तर १० दिवस. ८ गुणिले १५ म्हणजे १२० माणसांचे एका दिवसाचे जेवण, ते १२ जणांत वाटायचे.

आणि तिसरा प्रकारही असतो, तिथे ना सरळ नियम चालतो ना उलटा. कडक उन्हात १० किलो जवळा दोन दिवसांत सुकतो, तर २० किलो किती दिवसांत? पुळणीवर जागा पुरेशी असेल तर दोनच दिवसांत. ऊन किलो मोजत नाही. तरी वर्गातली अर्धी मुले चार दिवस सांगतात, कारण समोर तीन संख्या दिसल्या की हात फुलीकडे जातो. म्हणून आम्ही म्हणतो, आधी विचारा की हे वाढले तर ते वाढते, घटते की तसेच राहते. या प्रश्नाशिवाय फुली म्हणजे सुकाणूशिवाय होडी.

पलीकडच्या बाजूला न्यायचे फळ

तीन राशींनंतर लीलावतीत पाच, सात, नऊ आणि अकरा राशींचे हिशेब येतात. आजच्या तिरकस गुणाकाराच्या अगदी जवळ जाणारी कृती इथे सापडते. दोन बाजू उभ्या लिहायच्या. मग फल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचे. ज्या बाजूला संख्या जास्त झाल्या त्यांचा गुणाकार करायचा आणि कमी संख्यांच्या बाजूच्या गुणाकाराने त्याला भागायचे.

त्यांचे उदाहरण व्याजाचे आहे : शंभरावर एका महिन्याला पाच, तर सोळावर बारा महिन्यांना किती? एका बाजूला १, १०० आणि ५; दुसऱ्या बाजूला १२ आणि १६. पाच पलीकडे नेले की १२ गुणिले १६ गुणिले ५ म्हणजे ९६०. भागिले १०० म्हणजे नऊ पूर्णांक तीन पंचमांश. ज्यांना व्याजाचे उदाहरण नको वाटते त्यांनी मजुरीचे घ्यावे : ५ माणसांची ४ दिवसांची मजुरी १०,००० रुपये, तर ८ माणसांची ३ दिवसांची किती? कृती तीच. ८ गुणिले ३ गुणिले १०,००० भागिले २०, म्हणजे १२,००० रुपये.

आणि कोकणातल्या मुलांना आवडेल असे उदाहरण अदलाबदलीचे. एका द्रम्माला तीनशे आंबे मिळतात आणि एका पणाला तीस डाळिंबे. तर दहा आंब्यांच्या बदल्यात डाळिंबे किती? एक द्रम्म म्हणजे सोळा पण हे आठवले तर उत्तर निघते सोळा डाळिंबे. कोष्टक विसरला तो इथे फसला.

भास्कराचार्यांचे त्रैराशिकावर इतके प्रेम होते, की वर्ग, घन आणि त्यांची मुळे सोडली तर बाकी सगळे गणित त्रैराशिकच आहे, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. ज्या बुद्धीने सुरमईचा भाव काढायचा त्याच बुद्धीने ते ग्रहांची जागा काढत होते : इतक्या दिवसांत ग्रहाच्या इतक्या फेऱ्या, तर आजपर्यंतच्या दिवसांत किती?

म्हातारपण आणि नातवाचा मठ

सिद्धांतशिरोमणीनंतर ते थांबले नाहीत. इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी करणकुतूहल लिहिला. पंचांग करणाऱ्यांना ग्रहांचे हिशेब पटकन काढता यावेत म्हणून केलेला हा व्यवहाराचा ग्रंथ. मोठा सिद्धांत मांडून झाल्यावर उतारवयात कामकरी माणसासाठी सोपे पुस्तक लिहिणे, यातच त्यांचा स्वभाव कळतो.

मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चांगदेव हा राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. या नातवाने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ काढला. तो मठ पाटणला होता, आजच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात. तिथल्या शिलालेखावर शके ११२८ ची नोंद आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृत, पण शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला काय दिले ते त्यात आहे : गावच्या बाजारातल्या मालावरचा राजाचा हिस्सा आणि तेलाच्या घाण्यांकडून तेल. म्हणजे अभ्यासाचा खर्च बाजाराच्या वाट्यातून, त्रैराशिकाच्याच हिशेबाने चालायचा. विद्वान माणसासाठी लेख संस्कृतात, आणि ज्या व्यापाऱ्याने आणि तेल्याने द्यायचे त्याच्यासाठी मराठीत.

हा लेख अनेक शतके तसाच होता. तो जगासमोर आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. १८६५ मध्ये त्यांनी त्यावर लिहिले आणि भास्कराचार्यांचे घराणे पिढ्यांसह लोकांना कळले.

कोकण, अकबर आणि शाहजहान

भास्कराचार्य गेले, पुस्तक चालत राहिले. आपल्या कोकण किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी नावाची टीका लिहिली. नियम का चालतो त्याची कारणे त्यांनी त्यात दिली. म्हणजे फुलीमागचे कारण समजावण्याचे काम कोकणात पावणेपाचशे वर्षांपूर्वी झालेले आहे.

त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, १५८७ मध्ये, लीलावती फारसीत आली. बादशहा अकबराच्या हुकमावरून अबुल फैज फैजी यांनी तिचा तर्जुमा केला. फैजी म्हणजे अबुल फजल यांचे थोरले बंधू, आणि अकबराच्या दरबाराचे मलिकुश्शुअरा. एका शायराने गणिताचे पुस्तक अनुवादाला घेतले, यावरून त्या दरबारात इल्मची काय कदर होती ते कळते. पुढे १५९१ मध्ये हेच फैजी वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरच्या दरबारांकडे आले.

आता त्या प्रसिद्ध गोष्टीकडे येऊ. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त मोजायला पाण्यात घटिकापात्र ठेवले, तिच्या पोशाखातला मोती पात्रात पडून भोक बुजले, मुहूर्त टळला, आणि वडिलांनी तिच्या नावाने पुस्तक लिहून तिचे नाव अमर केले. महाराष्ट्रातल्या घराघरात ही गोष्ट सांगितली जाते. भास्कराचार्यांनी स्वतः ती कुठेही लिहिलेली नाही. पुस्तकात लीलावती या नावाने हाक आहे, तशी मित्राला आणि व्यापाऱ्यालाही हाक आहे. नाते सांगितलेले नाही. ही गोष्ट फैजींच्या फारसी प्रस्तावनेतून जगभर गेली. ज्या गोष्टीला आपण अस्सल मराठी मातीतली समजतो, ती आपल्या हाती फारसीने दिली आहे. यात कोणाची चोरी नाही आणि कोणाचे उपकारही नाहीत. विद्या अशीच फिरते.

शाहजहानच्या काळात भास्कराचार्यांचे बीजगणितही फारसीत आले. १६३४-३५ च्या सुमारास अताउल्लाह रुश्दी यांनी ते भाषांतर करून बादशहाला अर्पण केले. रुश्दी हे ताजमहालाचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचे वास्तुकार म्हणून ज्या अताउल्लाह यांचे नाव घेतात, ते हेच. मकबऱ्यासमोर फोटो काढणाऱ्या आपल्या किती मुलांना हे ठाऊक असेल? इंग्रजांना भास्कराचार्यांचे बीजगणित आधी समजले तेही या फारसीतूनच. एडवर्ड स्ट्रेची यांनी १८१३ मध्ये रुश्दींच्या फारसीवरून ते इंग्रजीत आणले. संस्कृतातून थेट भाषांतर कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये केले.

आणि ही ये-जा भास्कराचार्यांपासून सुरू झाली असेही नाही. आठव्या शतकात ब्रह्मगुप्तांच्या परंपरेतले गणित बगदादला पोहोचले होते. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मी यांनी आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात व्यवहाराच्या हिशेबांचे एक प्रकरण दिले. त्यात चार संख्या आहेत, तीन माहीत आणि एक शोधायची. समोरासमोरच्या दोन माहीत संख्यांचा गुणाकार करायचा आणि उरलेल्या माहीत संख्येने भागायचे. त्याच पुस्तकाचा मोठा भाग विरासतीच्या वाटण्यांचा आहे, कारण वारसांचे हिस्से नीट काढायचे तर प्रमाण कळायलाच हवे. पुढे अल-बिरुनी यांनी हिंदुस्तानातल्या या राशींच्या गणितावर अरबीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ती लिहून झाली तेव्हा भास्कराचार्य जन्मलेही नव्हते. उर्दूच्या जुन्या हिशेबाच्या पुस्तकांत अरबा मुतनासिबा म्हणजे प्रमाणातल्या चार संख्या असे नाव येते, ते आणि आपले त्रैराशिक एकाच घरचे आहेत.

आपल्या मुलांचे काय?

हे सगळे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. आपल्या मोहल्ल्यांत आजही ऐकू येते की गणित आपल्या मुलांचे काम नाही, बोटीवर किंवा आखातात जायचे तर एवढे कशाला लागते. उलट, लागते ते तिथेच. वाटा ठरवताना, मजुरीचे तास मोजताना, दिरहमचे रुपये करताना, घर वाटताना बहिणीचा हिस्सा काढताना, जो हिशेब करू शकत नाही त्याला दुसऱ्याने सांगितलेला आकडा मान्य करावा लागतो. त्याची फसवणूक झाली तरी त्याला कळत नाही. आणि न कळलेल्या गोष्टीची तक्रार करता येत नाही.

दुसरीकडे असेही बोलणारे भेटतात की हे गणित फक्त अमक्यांचे, तमक्यांनी तर ते पळवले. त्यांना पाटणचा शिलालेख, नांदगावची टीका, फैजींची फारसी लीलावती आणि बगदादची पुस्तके एका ओळीत ठेवून दाखवावीत. सह्याद्रीतल्या एका शिक्षकाने लिहिले, कोकणातल्या पंडिताने कारणे दिली, आग्र्याच्या शायराने फारसीत नेले, वास्तुकाराच्या मुलाने त्याचे बीजगणित उचलले. यातल्या कोणीही दुसऱ्याचा धर्म विचारून गणित शिकले नाही.

पालकांनी एक करावे. आज रात्री मुलाच्या वहीतली एखादी फुली बोटाने दाखवून विचारावे : यात एका जातीचे कोण? हे वाढले तर ते वाढते की घटते? तुम्हाला उत्तर आले नाही तरी चालेल, मुलाला सांगावे लागले पाहिजे. आणि जिथे मूल अडेल तिथे पुस्तक बाजूला ठेवून बाजारातले, बोटीवरचे, स्वयंपाकघरातले उदाहरण घालावे. भास्कराचार्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी केशर, धान्य आणि आंबे घेऊन हेच केले होते. आपल्याकडे सुरमई आहे, जवळा आहे आणि हंगामात आंबाही आहे.